अमूर्त चित्राची प्रतिकृती आणि अध्यापन : रास्त व्यवहाराची मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

काव्याच्या अध्यापकाला कविता मुखोद्गत असू शकते; संगीताच्या अध्यापकाला राग स्वतः गाऊन दाखविता येतो. चित्रकलेच्या अध्यापकाजवळ असे कोणतेच साधन नाही. चित्र समोर ठेवल्यावाचून चित्राविषयी बोलणे हे बहुतांशी ऐकीव माहितीचे कथन ठरते. राजा रविवर्मा यांच्यासारख्या चित्रकाराचे आख्यानपर चित्र असेल, तर त्यातील प्रसंग, पात्रे, वस्त्रे आणि अलंकार यांचे निदान शब्दांनी वर्णन करता येईल. अमूर्त चित्राच्या बाबतीत हा आधारही नाहीसा होतो. तेथे सांगण्याजोगा प्रसंग नाही, ओळखण्याजोगी वस्तू नाही. पुष्कळदा शीर्षकदेखील नाही. रंगाचा पोत, थरांची पारदर्शकता, आकारांचे परस्परांतील अंतर आणि रिकाम्या जागेचा भार एवढाच चित्राचा आशय असतो, आणि तो पाहण्यानेच प्राप्त होतो.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे एका मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली आणि पुढे दिल्लीत वास्तव्य करून १० ऑगस्ट २००१ रोजी ते निवर्तले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे त्यांना अधिक पसंत होते. रोलर आणि पॅलेट-नाइफ यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवीत व खरवडून काढीत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. साहजिकच ही चित्रे संख्येने थोडी आहेत, आणि जी आहेत ती मुंबई-दिल्लीची संग्रहालये व देशोदेशींचे खाजगी संग्रह यांत विखुरलेली आहेत.

आता सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब या गावाचा विचार करावा. पुणे-सोलापूर मार्गावर आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर असल्यामुळे हे गाव दळणवळणाच्या दृष्टीने एकाकी नाही. तरीही तेथील विद्यार्थ्याला गायतोंडे यांचे मूळ चित्र पाहावयाचे झाल्यास मुंबई गाठावी लागेल, आणि तेथेही ते चित्र त्या दिवशी भिंतीवर असेलच असे नाही. अशा विद्यार्थ्याची आणि अमूर्त कलेची पहिली भेट प्रतिकृतीच्या द्वाराच होणार, हे उघड आहे. ती प्रतिकृती करण्याचा, दाखविण्याचा व वाटण्याचा अध्यापकास कोणता अधिकार आहे आणि तो कोठे संपतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. या प्रश्नाविषयी दोन टोकांच्या समजुती रूढ आहेत. ‘शिक्षणासाठी सर्व काही चालते’ ही एक, आणि ‘परवानगीवाचून काहीच चालत नाही’ ही दुसरी. या दोन्ही समजुती कायद्याला धरून नाहीत. पहिलीमुळे चित्रकाराच्या हक्काची हानी होते. दुसरीमुळे मूळ चित्रांपासून दूर असलेला विद्यार्थी त्या कलेला कायमचा पारखा होतो.

२. हक्क कोणाचा आणि कोठवर

भारतातील स्वामित्वहक्काचा, म्हणजे व्यवहारात ज्यास कॉपीराइट म्हणतात त्या हक्काचा, मूळ आधार १९५७ चा अधिनियम हा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. शिक्षणाच्या दृष्टीने त्यांपैकी २०१२ ची दुरुस्ती विशेष महत्त्वाची आहे. या अधिनियमातील ‘कलात्मक कृती’ची व्याख्या चित्र, शिल्प, रेखाटन, उत्कीर्णन व छायाचित्र यांचा समावेश करते आणि त्या कृतीत कलागुण असो वा नसो, तिला संरक्षण मिळते असे स्पष्ट म्हणते. अमूर्त चित्राच्या दृष्टीने या शब्दांना मोठे महत्त्व आहे. ‘यात काढलेच काय आहे?’ हा सामान्य प्रेक्षकाचा प्रश्न न्यायालयात उपस्थित होऊ शकत नाही. एकाच रंगाच्या छटांनी भरलेला कॅनव्हास आणि बारकाव्यांनी नटलेले व्यक्तिचित्र ही दोन्ही कायद्याच्या दृष्टीने समान आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, चित्राची मालकी आणि चित्राचा स्वामित्वहक्क या दोन भिन्न वस्तू आहेत. गायतोंडे यांचे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात २३.७० कोटी रुपयांस विकले गेले. एवढी किंमत मोजणाऱ्या ग्राहकास कॅनव्हास मिळाला. परंतु त्याच्या प्रतिकृती छापण्याचा अनन्य हक्क तेवढ्याने मिळाला नाही. कलम १७ अन्वये प्रथम स्वामी चित्रकार हाच असतो. मात्र एखाद्याच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन चित्र काढले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर चित्र काढवून घेणारा हा प्रथम स्वामी ठरतो. चित्रकाराकडून दुसऱ्याकडे हक्काचे हस्तांतरण व्हावयाचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी व स्वाक्षरीने झाले पाहिजे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर हा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा मृत्युपत्राने नेमलेल्या व्यक्तीकडे जातो. म्हणून परवानगी मागण्याचा प्रसंग आला असता ती केवळ चित्राच्या संग्राहकाकडे वा विक्रेत्याकडे मागून भागत नाही. हक्क कोणाकडे आहे याचा शोध प्रथम घ्यावा लागतो.

हक्काची मुदत चित्रकाराच्या हयातीपुरती आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून पुढे ६० वर्षे इतकी आहे. पूर्वी ती ५० वर्षे होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती वाढविण्यात आली. या हिशेबाने हयातीत प्रकाशात आलेल्या चित्रांचा हक्क गायतोंडे यांच्या बाबतीत २०६१ च्या अखेरपर्यंत राहील. शंकर पळशीकर १९८४ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या बाबतीत ही मुदत २०४४ अखेर संपेल. प्रभाकर बरवे (मृत्यू १९९५) यांच्या बाबतीत २०५५, अकोल्यात जन्मून ऑस्लो येथे निवर्तलेले अंबादास (मृत्यू २०१२) यांच्या बाबतीत २०७२, आणि सय्यद हैदर रझा (मृत्यू २०१६) यांच्या बाबतीत २०७६ ही अखेरची वर्षे होत. याउलट रविवर्मा (मृत्यू १९०६) व अमृता शेरगिल (मृत्यू १९४१) यांची चित्रे आज मुक्त आहेत. यावरून एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. भारतीय अमूर्त कला ही मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळातील असल्यामुळे तिचा जवळजवळ सर्व भाग अद्याप हक्काखाली आहे. वास्तवदर्शी परंपरेचा अध्यापक मुक्त चित्रांवर बराच काळ निभावून नेऊ शकतो; अमूर्त कलेच्या अध्यापकाला ती सोय नाही. त्याला पदोपदी कायद्यातील अपवादांचा आश्रय घ्यावा लागतो.

३. कायद्याने मोकळी ठेवलेली वाट

हे अपवाद कलम ५२ मध्ये एकत्र दिलेले आहेत. तेथे प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात ‘फेअर यूज’, म्हणजे रास्त वापर, हे एक व्यापक तत्त्व असून उपयोगाचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि बाजारावरील परिणाम या चार कसोट्यांवर न्यायालय प्रत्येक प्रकरणाचा निर्णय करते. भारतीय कायद्यातील ‘फेअर डीलिंग’, म्हणजे रास्त व्यवहार, हा इंग्लंडच्या परंपरेतून आलेला असून तो ठराविक हेतूंपुरता मर्यादित आहे. येथे प्रथम हेतू कायद्यात सांगितलेल्यांपैकी एक असला पाहिजे. मग तो व्यवहार रास्त आहे की नाही हे पाहावयाचे. अमेरिकन ग्रंथांतील चार कसोट्या भारतीय परिस्थितीस सरसकट लावण्याची चूक विद्यार्थी पुष्कळदा करतात, ती या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होय.

अध्यापनाच्या दृष्टीने कलम ५२(१) मधील दोन खंड मुख्य आहेत. पहिला खंड ‘ए’. त्यात संशोधनासह खाजगी वा वैयक्तिक उपयोग, त्या कृतीची किंवा अन्य कृतीची समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्तनिवेदन या हेतूंसाठी रास्त व्यवहारास मुभा आहे. प्रबंधासाठी चित्रांच्या प्रतिकृती जमविणारा संशोधक आणि चित्राचे विश्लेषण करताना ते लेखासोबत छापणारा समीक्षक या खंडाच्या छायेत येतात. दुसरा खंड ‘आय’. त्यानुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेले कोणत्याही कृतीचे पुनरुत्पादन, तसेच परीक्षेतील प्रश्नाचा वा उत्तराचा भाग म्हणून केलेले पुनरुत्पादन, हा हक्कभंग होत नाही. या खंडात ‘रास्त’ हा शब्द नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

‘अध्यापनाच्या ओघात’ या शब्दांची व्याप्ती किती, याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी दिला. ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस यांच्याविरुद्ध २०१२ मध्ये दावा लावला होता. विद्यार्थ्यांसाठी निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणांच्या छायाप्रती एकत्र बांधून पुरविल्या जात, ही त्यांची तक्रार होती. अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील तासिका नव्हे. अभ्यासक्रम आखण्यापासून परीक्षेपर्यंतची सर्व प्रक्रिया त्यात येते, असे न्यायालयाने ठरविले. किती भाग घ्यावा याचे माप पृष्ठसंख्येने वा शेकडेवारीने ठरत नसून अध्यापनाच्या हेतूला जेवढे आवश्यक तेवढे, हीच त्याची कसोटी होय, असेही मत न्यायालयाने नोंदविले. घेतलेला मजकूर त्या अभ्यासक्रमास खरोखर आवश्यक होता काय, हा वस्तुस्थितीचा प्रश्न मात्र पुराव्यासाठी राखून ठेवण्यात आला. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. हा वाद ग्रंथांविषयीचा असला, तरी खंड ‘आय’मधील शब्द ‘कोणतीही कृती’ असे असल्यामुळे त्याचे तत्त्व चित्रासही लागू पडते.

४. अंश आणि पूर्ण

येथे अमूर्त चित्राचा खरा पेच सुरू होतो. ग्रंथाच्या बाबतीत रास्तपणाची कल्पना प्रायः ‘थोडे घेणे’ या कल्पनेशी जोडलेली असते. तीनशे पृष्ठांच्या ग्रंथातील दहा पृष्ठे घेणारा वाजवी वागतो आणि सर्व ग्रंथ घेणारा गैर वागतो, हे सहज पटते. चित्राच्या बाबतीत ही तुलना निरुपयोगी ठरते. गायतोंडे यांच्या चित्राचा डाव्या कोपऱ्यातील चतुर्थांश कापून दाखविला, तर विद्यार्थ्याला रंगाचा पोत दिसेल. परंतु वरच्या भागातील गडद आकार आणि खालचा उजळ विस्तार यांमधील ज्या तोलावर ते चित्र उभे आहे, तो तोल त्याला दिसणार नाही. भाग दाखविणे म्हणजे येथे चित्राचा थोडा आशय दाखविणे नव्हे. ते भलतेच चित्र दाखविणे होय. बारकावा समजावून देण्यासाठी एखादा भाग मोठा करून दाखविणे उपयुक्त आहे, परंतु तो पूर्ण चित्राच्या जोडीने, त्याच्याऐवजी नव्हे.

मग पूर्ण कृती घेणे रास्त ठरू शकते काय? इंग्लंडमधील १९७२ च्या हबर्ड विरुद्ध व्हॉस्पर या प्रसिद्ध खटल्यात न्यायमूर्ती मेगॉ यांनी याविषयी एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. थडग्यावरील लेख दोन-चार ओळींचाच असतो. त्यावर टीका करावयाची तर तो पूर्ण उद्धृत करावा लागेल, आणि तसे करणे रास्त व्यवहाराच्या बाहेर जात नाही, असा त्यांचा आशय होता. कृतीचे स्वरूपच अविभाज्य असेल, तर प्रमाणाची कसोटी आपोआप गौण होते. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन यांच्या प्रति-नाटकाच्या प्रकरणात भारतीय कायद्याच्या संदर्भात तीन गोष्टी विचारात घेण्यास सांगितल्या आहेत. त्या अशा : टीकेच्या मानाने घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मूल्य, घेण्यामागील हेतू, आणि दोन कृतींमध्ये स्पर्धा उत्पन्न होण्याची शक्यता. यांतील पहिल्या कसोटीतही प्रमाण हे मूळ कृतीशी नव्हे, तर टीकेशी ताडून पाहावयाचे आहे. एका चित्रावर दोन पृष्ठांचे विवेचन असेल तर पूर्ण चित्र छापणे न्याय्य होय. वीस चित्रे आणि त्यांखाली एकेक ओळ, असा प्रकार असेल तर ती समीक्षा नसून चित्रसंग्रह होय.

काही संस्था सावधगिरी म्हणून प्रतिकृतीचा दर्जाच कमी करतात. लहान, धूसर, कधी कृष्णधवल प्रतिमा वापरतात. आख्यानपर चित्राच्या बाबतीत ही युक्ती काही अंशी चालते, कारण प्रसंग तरी ओळखू येतो. अमूर्त चित्रात मात्र जे शिकवावयाचे तेच नेमके या धूसरपणात नष्ट होते. खरवडलेल्या रंगामागून डोकावणारा खालचा थर दिसला नाही, तर गायतोंडे यांच्या कलेविषयी काय शिकविले, हा प्रश्न उरतो. म्हणून मर्यादा घालावयाची ती प्रतिमेच्या गुणवत्तेवर नव्हे, तिच्या प्रसारावर घातली पाहिजे. वर्गात पडद्यावर उत्तम प्रतीची प्रतिमा दाखवावी, अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपुरती ती उपलब्ध ठेवावी, आणि तिच्यापासून विक्रीयोग्य मुद्रण होऊन बाहेर पसरणार नाही याची दक्षता घ्यावी. अमूर्त चित्राच्या बाबतीत रास्तपणाचे माप ‘किती घेतले’ यात नसून ‘कशासाठी घेतले आणि कोणापर्यंत पोचविले’ यात आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा होय.

बाजाराच्या कसोटीनेही हेच दिसून येते. मोडनिंबच्या वर्गात पडद्यावर पडलेल्या प्रतिमेमुळे मूळ कॅनव्हासचे मोल कणभरही घटत नाही. जो बाजार खरोखर बिघडू शकतो तो प्रतिकृतींचा : भित्तिचित्रे, दिनदर्शिका, पुस्तकांची वेष्टने, शुभेच्छापत्रे. त्या बाजारात शिरणारा उपयोग शैक्षणिक संस्थेने केला म्हणून शैक्षणिक ठरत नाही.

५. कर्तृत्व आणि अखंडता

स्वामित्वहक्काहून निराळा असा एक विशेष हक्क कलम ५७ ने कर्त्याला दिला आहे. त्याची दोन अंगे आहेत : कृतीचे कर्तृत्व आपले म्हणून सांगण्याचा हक्क, आणि आपल्या सन्मानास वा कीर्तीस बाधक असा कृतीचा विपर्यास, छेद वा फेरफार होऊ न देण्याचा हक्क. स्वामित्वहक्क विकून टाकल्यावरही हा हक्क कर्त्यापाशीच राहतो आणि त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. त्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये शिल्प सहगल यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भारतात या हक्काला खरे बळ आले ते या निर्णयाने.

अध्यापकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, प्रतिकृती करण्याची मुभा म्हणजे चित्रात फेरफार करण्याची मुभा नव्हे. पृष्ठाच्या आकारात बसावे म्हणून कडा कापणे, पार्श्वभूमीशी जुळावे म्हणून रंग बदलणे, चित्रावर अक्षरे छापणे, किंवा निष्काळजीपणाने ते उलटे छापणे हे प्रकार अमूर्त चित्राच्या बाबतीत विशेष संभवतात. व्यक्तिचित्र उलटे छापले तर मुद्रितशोधकाच्या तत्काळ लक्षात येते. अमूर्त चित्र उलटे छापले गेले तर वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, आणि विद्यार्थी ते तसेच शिकतात. असा प्रत्येक दोष कायद्याच्या अर्थाने विपर्यास ठरेलच असे नाही. तथापि अध्यापनाच्या हेतूचाच त्याने पराभव होतो. प्रतिकृती निष्ठापूर्वक करणे हे येथे कायद्याचे आणि अध्यापनाचे समान कर्तव्य ठरते.

ऋणनिर्देशाची अट खंड ‘ए’मध्ये स्पष्ट शब्दांत घातलेली नाही. परंतु बर्नच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १० व्या अनुच्छेदात उद्धरणासोबत व अध्यापनासाठी केलेल्या उपयोगासोबत मूळ साधनाचा व कर्त्याचा उल्लेख आवश्यक मानला आहे, आणि कलम ५७ मधील कर्तृत्वाचा हक्कही त्याच दिशेने नेतो. गायतोंडे यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. तेव्हा केवळ ‘शीर्षकहीन’ असे लिहिल्याने चित्राची ओळख पटत नाही. चित्रकाराचे नाव, निर्मितीचे वर्ष, माध्यम, परिमाण, संग्रहाचे नाव आणि ज्या ग्रंथातून वा सूचीतून प्रतिमा घेतली तिचा निर्देश एवढे तपशील द्यावेत. त्यामुळे कर्त्याचा मान राखला जातोच, शिवाय पुढील संशोधकाला नेमके चित्र शोधणे शक्य होते.

६. विद्यार्थ्याचे अनुकरण

चित्रकलेच्या शिक्षणात नक्कल ही जुनी आणि मान्य पद्धती आहे. विद्यार्थ्याने सराव म्हणून गायतोंडे यांच्या एखाद्या चित्राची नक्कल केली, तर ती अध्यापनाच्या ओघात विद्यार्थ्याने केलेली प्रतिकृती म्हणून खंड ‘आय’मध्ये बसते. तीच नक्कल प्रदर्शनात विक्रीस ठेवली तर हे संरक्षण संपते. आणि ती मूळ म्हणून खपविली तर तो केवळ हक्कभंग राहत नाही, ती फसवणूक होते.

नक्कल आणि प्रभाव यांत मात्र भेद केला पाहिजे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, कल्पना, विषय वा सूत्र यांत स्वामित्वहक्क नसतो. तो त्यांच्या विशिष्ट आविष्कारात असतो. रोलरने रंग पसरविणे, थर खरवडणे, एकाच रंगाच्या छटांत चित्र बांधणे या पद्धती कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. त्या पद्धतीने स्वतःचे चित्र रचणारा विद्यार्थी कोणाचाही हक्क हिरावून घेत नाही. आविष्कार आणि पद्धती यांमधील रेषा अमूर्त कलेत बारीक असते, हे खरे. म्हणूनच ती वर्गात मूळ प्रतिमा समोर ठेवून दाखवून देणे हे अध्यापकाचे काम आहे.

७. सीमेवरील काही प्रसंग

संग्रहालयात घेतलेले छायाचित्र : सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्यास व प्रसिद्ध करण्यास खंड ‘टी’ने मुभा दिली आहे. ही मुभा भिंतीवरील चित्रासही आहे असा समज आढळतो. परंतु त्या खंडाचे शब्द शिल्प आणि कलाकौशल्याच्या अन्य कृती यांपुरते आहेत. रंगचित्र त्यात येत नाही. चित्रपटात समावेश करण्याविषयीचा खंड ‘यू’ मात्र सर्व कलात्मक कृतींना लागू आहे. म्हणजे लोकांना प्रवेश असलेल्या ठिकाणी कायम लावलेले अमूर्त चित्र माहितीपटात दाखविता येते, परंतु त्याचे छायाचित्र या आधारावर प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी खंड ‘ए’ वा ‘आय’ यांचाच आश्रय घ्यावा लागतो. संग्रहालयाचे स्वतःचे नियम हा यापुढचा स्वतंत्र विषय आहे.

पाठ्यपुस्तक : शैक्षणिक संकलनात हक्काखालील छोटे उतारे घेण्याची मुभा खंड ‘एच’ने दिली आहे, पण ती केवळ वाङ्मयीन व नाट्यकृतींपुरती असून तीही पाच वर्षांत एकाच कर्त्याचे दोन उतारे एवढीच आहे. चित्रांचा तेथे उल्लेख नाही. विक्रीस असलेल्या पाठ्यपुस्तकात केवळ शोभेसाठी चित्र छापावयाचे तर लेखी परवानगी हाच सरळ मार्ग होय. त्या चित्राचे प्रत्यक्ष विवेचन पुस्तकात असेल, तर समीक्षेच्या हेतूचा आधार घेता येईल; वेष्टनासाठी तोही नाही.

सूचीतून घेतलेली प्रतिमा : न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये गायतोंडे यांचे समग्रदर्शी प्रदर्शन झाले. अशा प्रदर्शनांच्या सूचींतून घेतलेल्या प्रतिमेत चित्र आणि त्याचे छायाचित्र असे दोन थर असतात. छायाचित्रासही स्वतंत्र हक्क आहे काय, हा प्रश्न संभवतो. संपादित न्यायनिर्णयांविषयीच्या २००८ च्या मोडक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य व विवेक यांसह किमान सर्जकता आवश्यक मानली. त्या कसोटीने सपाट चित्राच्या केवळ हुबेहूब छायाचित्राचा दावा दुर्बळ दिसतो. वर्गातील उपयोगापुरता हा वाद निर्माण होत नाही, कारण खंड ‘आय’ दोन्ही थरांना सारखाच लागू आहे.

संकेतस्थळ आणि प्रबंध : खंड ‘आय’ पुनरुत्पादनाविषयी बोलतो, ‘लोकांपर्यंत पोचविणे’ हा त्याहून वेगळा हक्क आहे. विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित, परवलीच्या शब्दाने उघडणाऱ्या संग्रहात प्रतिमा ठेवणे अध्यापनाच्या कक्षेत राहते. तीच सर्व जगाला खुल्या स्थळावर ठेवली तर या खंडाचा आधार डळमळतो. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या संग्रहात ठेवले जातात, हे संशोधकाने आरंभापासून लक्षात घ्यावे. प्रबंधातील प्रत्येक चित्र समीक्षेच्या हेतूवर उभे राहील अशा रीतीने, म्हणजे त्यावरील विवेचनाला लागून व आवश्यक तेवढ्याच संख्येने, घेतले जावे. ज्या चित्राविषयी प्रबंधात काहीच म्हटलेले नाही, त्याला तेथे स्थान नाही.

८. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, अमूर्त चित्रकाराचा हक्क आणि विद्यार्थ्याची गरज यांत जो विरोध दिसतो तो पुष्कळ अंशी वरवरचा आहे. कायदा अध्यापकाला पूर्ण चित्र, उत्तम प्रतीने, वर्गात दाखवू देतो. परीक्षेत त्यावर प्रश्न विचारू देतो. विद्यार्थ्याला त्याची नक्कल करू देतो. संशोधकाला समीक्षेसोबत ते छापू देतो. त्याच्या मोबदल्यात तो एवढेच मागतो की, उपयोग खरोखर अध्यापनाचा वा समीक्षेचा असावा, प्रसार त्या हेतूपुरता राहावा, चित्र मोडतोड न होता दाखवावे आणि कर्त्याचे नाव त्याच्यासोबत जावे.

कला विषयाचे अध्यापन चालणाऱ्या प्रत्येक विभागाने या तत्त्वांवर आपल्या प्रतिमासंग्रहाची नोंदवही ठेवली, आणि प्रत्येक प्रतिमेपुढे चित्राचा तपशील, मूळ साधन, कोणत्या अभ्यासक्रमासाठी घेतली आणि हक्काच्या मुदतीचे अखेरचे वर्ष एवढे स्तंभ भरले, तर बहुतेक शंकांचे निरसन कागदावरच होईल. अशा नोंदवहीस खर्च फारसा नाही. तिच्या आधारे मोडनिंबच्या शिक्षकालाही गायतोंडे यांचे चित्र निःशंकपणे पडद्यावर दाखविता येईल, आणि मुंबईस कधीही न गेलेल्या विद्यार्थ्याला अमूर्त कलेविषयीचे आपले मत ऐकीव माहितीवर न बनविता, चित्र पाहून बनविता येईल.